जिन्याची खुर्ची

थोरलीने दार ओढून घेतलं, कठडा धरला आणि पहिली पायरी उतरली. लिफ्ट बंद पडल्यापासून ती पाचव्या मजल्यावरून खाली आलीच नव्हती. लेक कामावर गेली होती, म्हणूनच तिने ही दुपार साधली. घरी असती तर नको नको म्हणून तिने डोकं खाल्लं असतं. आज काहीही झालं तरी खाली जाऊन अंगणातल्या मातीला पाय लावायचाच, एवढं एकच थोरलीच्या मनात होतं.

लिफ्टसाठी अर्ज करकरून रहिवासी थकले होते. ज्यांनी ही घरं भाड्याने दिली होती, त्यांच्या कार्यालयातून काम मंजूर आहे एवढंच उत्तर यायचं. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी सगळ्यांना जिन्यातच गोळा केलं आणि ठरवून टाकलं, की दर मजल्यावर एक खुर्ची ठेवायची. ज्याला जमेल त्याने द्यावी. एकदा दाराबाहेर आली की ती त्या घराची नाही, जिन्याची. शिंपीणबाईंनी उरल्यासुरल्या कापडाच्या उशा शिवल्या आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपला जिना परत मिळाला.

चौथ्या मजल्यावर न्हाव्याने दुकानातली जुनी खुर्ची आणून ठेवली होती, गोल फिरणारी. थोरली तिच्यात बसली आणि पायाने हलकेच रेटा दिला. दारं सरकली, भिंत सरकली, जिन्याची खिडकी आली, खिडकीतलं आभाळ आलं आणि निघूनही गेलं. इमारत दुपारच्या झोपेत होती. कुठल्याशा घरात नळ ठिबकत होता, कुणीतरी अर्धवट गाणं गुणगुणत होतं. तिने आणखी एक फेरी घेतली. या वयात हे शोभत नाही हे तिला कळत होतं, पण बघायला होतं कोण?

तिसरा मजला आला आणि तिचा चेहरा बदलला. इथे धाकटी राहायची, तिची जाऊ. दोघींचं बोलणं कधीचंच बंद होतं. भांडण कशावरून झालं ते आता दोघींनाही धड सांगता आलं नसतं, पण जपलं होतं मात्र जिवापाड. इथली वेताची खुर्ची धाकटीच्या घरातली होती. तिच्यावर मेले तरी टेकायचं नाही, हे थोरलीने घरातून निघतानाच ठरवलं होतं.

गुडघे मात्र ऐकेनात. ती भिंतीला टेकून उभी राहिली. मग खुर्चीला वळसा घालून पुढच्या पायरीकडे सरकली, तोच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पाय लटपटला. कठडा हातात होता म्हणून वाचली.

दार उघडलं. मटारच्या शेंगांची परात घेऊन धाकटी उंबऱ्यात उभी होती. ती थोरलीकडे बघत नव्हती, खुर्चीकडे बघत होती.

"हातपाय मोडून घेतील, पण बसायच्या नाहीत," ती खुर्चीला म्हणाली.

"दुसऱ्याच्या खुर्चीवर बसायची सवय नाही म्हणावं," थोरलीनेही खुर्चीलाच सांगितलं.

"दुसऱ्याची कसली? जिन्याची आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलंय."

ठरलं होतं खरं. पाचव्या मजल्यावरून वाकून तिनेही हो म्हटलं होतं. थोरलीने तोंड वाकडं केलं आणि बसली. धाकटीने घरात एवढी जागा असताना जिन्याच्या पायरीवर बसकण मारली आणि शेंगा सोलायला घेतल्या.

खिडकीतलं ऊन थोरलीच्या मांडीवर आलं. शेंगा फुटत होत्या, दाणे परातीत टपटपत होते. तिचे डोळे जड झाले. मग जिना नव्हताच, एक मोठं स्वयंपाकघर होतं. सासूबाईंनी हाक मारायच्या आत ढीगभर शेंगा सोलून व्हायला हव्या होत्या, आणि थोरलीच्या वाट्याच्या शेंगा धाकटी मुकाट्याने मूठमूठ आपल्याकडे ओढून घेत होती. आजूबाजूने माणसं पाय न वाजवता येत-जात होती. ती खरोखरच येत-जात होती. नर्सबाई तर चपला हातात घेऊन वर गेल्या.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. सोलायला एकही शेंग उरली नव्हती. धाकटी अजून तिथेच बसून होती, हात मांडीवर ठेवून.

"खाली जायचं होतं ना, ताई?" ती म्हणाली. "चला, मी धरते."

थोरलीने खाली जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं. धाकटीने धरलं तर उतरणं काही अवघड नव्हतं.

"खालचं उद्या बघू," ती म्हणाली. "घरात अजून शेंगा असतील तर आण."

धाकटी उठून आत गेली. शेंगा संपल्या होत्या. ती दुसरी खुर्ची घेऊन बाहेर आली.