मोठ्या घराच्या सहा खिडक्या

"आजी, आता आतल्या खोल्या काढ," नात म्हणाली, आणि आजीची पेन्सिल थांबली.

शाळेतून काम आलं होतं. आजीच्या लहानपणीचं घर काढायचं, कुठली खोली कुणाची ते लिहायचं, आणि उद्या वर्गात सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोरीची आई मटार सोलत बसली होती. हात शेंगांत, कान अर्थातच सासूबाईंकडे. लग्नाला चौदा वर्षं झाली, आणि सासूबाईंच्या माहेरचा तो मळा तिनं चौदा वर्षं ऊठसूट ऐकला होता. दूध उतू गेलं, की आमच्याकडे दुधाच्या घागरी भरायच्या. भाजी निवडायला जरा हात लावा म्हटलं, की आमच्याकडे असली कामं बाया करायच्या, शिवाय बारा गडी होते. आणि वर, दोन खोल्यांत वाढलेल्यांना काय कळणार म्हणा! दोन खोल्यांत वाढलेली या घरात ती एकटीच होती.

चित्र मात्र सासूबाईंनी झकास काढलं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. समोर सहा खिडक्या. चौथीची काच फुटलेली, तिथं गोणपाट लावलेलं. मागच्या दाराला तीन पायऱ्या.

"यातली मधली हलायची बरं का," त्या नातीला सांगत होत्या. "भरल्या बादल्या घेऊन चढताना फार जपावं लागायचं."

सुनेचा अंगठा शेंगेतच राहिला. भरल्या बादल्या? आणि ते बारा गडी काय करत होते मग?

सासूबाई आता रंगात आल्या होत्या. गोठा काढून झाला, गायी निघाल्या. कुठली लाथ झाडायची, कुठली पोटाला डोकं टेकवलं की गप उभी राहायची. थंडीत कासेला हात लावण्याआधी दोन्ही हात काखेत धरून गरम करायचे, नाहीतर गाय पान्हा चोरते, दूध वर ओढून धरते. पोर खुदखुदली आणि तिनं ते वहीत लिहून घेतलं.

सुनेला हसू आलं नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली. हौसेनं गोठ्यात डोकावणारी मालकाची मुलगी वासरांचे लाड करील, गायींना नावं देईल. पण गार हातांनी गाय पान्हा चोरते, हे तिला कुठून कळणार? ज्याचे हात रोज पहाटे गारठतात त्यालाच ते कळतं. आणि टोमणा मारताना 'आमच्याकडे' म्हणणाऱ्या सासूबाई आठवणीत रमल्या, की 'मोठ्या घरी' म्हणायच्या. स्वतःच्या घराला कुणी मोठं घर म्हणतं का? चौदा वर्षं हे कानावर पडत होतं, आणि आपल्याला सुचलं नाही. कमाल आहे आपली, तिला वाटलं.

"आई, धारा तुम्ही काढायचात?" तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं.

"अधूनमधून. हौस म्हणून." सासूबाईंनी मान वर केली नाही. "गडी होते की."

उत्तर जरा जास्तच चटकन आलं होतं.

तेवढ्यात पोरीनं पुन्हा आतल्या खोल्यांचा हट्ट धरला. स्वयंपाकघर कुठं होतं? आत होतं. आत म्हणजे कुठं? मागं कुठंतरी. बरं, मग तू कुठं झोपायचीस?

पेन्सिल कागदावर टेकली आणि तशीच उचलली गेली. बाहेरून खिळा न् खिळा ठाऊक असलेल्या त्या घराच्या आत नुसता कोरा कागद होता. सुनेला आता कसली शंका उरली नाही. सासूबाईंनी ते घर मागच्या दारापर्यंतच पाहिलं होतं.

एकच प्रश्न पुरे होता. जिना कुठल्या हाताला होता, आई? चौदा वर्षांचं उट्टं एका वाक्यात फिटलं असतं, आणि तेही नातीसमोर. तिनं तोंड उघडलं. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या. हिनं ओळखलंय हे त्यांनी ओळखलं होतं. नजरेत रोजचा तोरा नव्हता. त्या घाबरल्या होत्या.

"उन्हाळ्यात अंगणातच झोपत असतील सगळे," सून पोरीला म्हणाली. "तसं लिही. आतलं राहू दे, साठ वर्षं झाली त्याला."

पोरीनं लिहिलं. मग पेन्सिल चावत विचारलं, "आणि थंडीत?"

सासूबाईंनी चित्र जरा जवळ ओढलं, घर सोडून गोठ्यावर बोट ठेवलं.

"इथं," त्या म्हणाल्या. "गायींच्या अंगाला ऊब असते."

"मज्जा होती तुझी," पोर म्हणाली, आणि वही घेऊन बाबांना दाखवायला पळाली.

टेबलाशी दोघीच उरल्या. सून खाली मान घालून शेंगा सोलत राहिली. थोड्या वेळानं मटारची टोपली हलली. सासूबाईंनी ती स्वतःकडे ओढून घेतली होती. सुनेच्या तीन शेंगा होईपर्यंत त्यांच्या सात झाल्या.

"देठाकडून नको गं उघडूस," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "टोकाला दाब. पटकन होतं."