आवाजाची कोठी

२०१३ साल. आवाज गेलेल्या माणसाला फोनमधून स्वतःच्याच आवाजात बोलता येतं, याचंच तेव्हा लोकांना नवल वाटे. त्या वर्षी एका गुरुवारी भर दुपारी कोठीवाली भावाच्या घरी गेली आणि चपलाही न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

कोठीवाली हे तिचं ऑफिसात पडलेलं नाव. भाड्यानं घेतलेल्या दूरच्या मशीनांवर लोकांचे आवाज जपून ठेवायचे, हे तिचं काम. घशाच्या ऑपरेशनात ज्यांचा आवाज कायमचा जाणार, ती माणसं आधी येऊन आपली वाक्यं बोलून ठेवत. मग फोनवर बोट टेकलं की वाक्य त्यांच्याच आवाजात ऐकू येई. तिची वहिनी त्यांच्यातलीच एक.

वहिनी ओट्याशी उभी राहून फोनवर बोट टेकत होती. पुन्हा टेकत होती. फोन गप्प.

“ये छोटे, बरी आलीस,” दादा म्हणाला. “सकाळपासून मौनव्रत चाललंय हिचं. इतक्या वर्षांनी देवानं माझं ऐकलं बघ!”

वहिनीनं हातातला फडका त्याच्या दंडावर मारला.

त्या फोनवर नुसतं ‘अहो’च तीन तऱ्हांचं होतं. साधं, लाडाचं आणि घर हादरवणारं. ‘वन्सं, आधी चहा घ्या, मग अक्कल शिकवा’ हे खास कोठीवालीसाठी. आणि तीन वर्षांच्या लेकीला झोपवताना सांगायची गोष्ट, अख्खी.

“नेटवर्क गेलेलं नाही, दादा,” कोठीवाली म्हणाली. “आवाज गेलेत.”

“गेले तर येतील.”

“नाही येणार.”

वहिनीनं शेगडी बंद केली.

आवाज ठेवायला जागा दोन होत्या. एक वेगळी, भक्कम. मशीन मोडो की बदलो, तिथलं हलत नसे. पण तिथून वाक्य आणायला जरासा वेळ लागे. दुसरी जागा मशीनच्याच पोटात. तिथून वाक्य चटकन निघे. पण मशीन गेलं की पोटातलंही गेलं. कोठीवालीनं आधी भक्कम जागाच धरली होती. मग एकदा जेवायला आली असताना वहिनीनं तिच्यापुढे पाटी सरकवली. ‘माझं वाक्य येईपर्यंत ही माणसं दुसऱ्याच विषयावर गेलेली असतात,’ असं लिहिलं होतं. त्या जेवणात कोठीवालीनं ते डोळ्यांनी पाहिलं. वहिनीचा विनोद यायचा, तोवर हसायची वेळ निघून गेलेली. तिला राहवेना. तिनं सगळ्यांचे आवाज मशीनच्या पोटात हलवले, आणि सावधगिरी म्हणून तीन मशीनांवर तीन प्रती ठेवल्या.

“पण तीन होत्या ना?” दादानं विचारलं. “एक गेलं तर दोन आहेत, असं तूच सांगायचीस.”

“मशीनं जुनी झाली होती. काल बदलली. एक बदलायचं, त्यानं बाकीच्या दोघांकडून सगळं भरून घ्यायचं, मग दुसऱ्याला हात लावायचा. पडद्यावर पहिल्याचा हिरवा दिवा लागला, मी दुसरं बदललं. त्याचाही लागला, मग तिसरं.”

“मग बिघडलं कुठं?”

“तो दिवा मशीन सुरू झाल्याचा होता. भरल्याचा नव्हता.”

“म्हणजे एका हंड्यातलं दुसऱ्यात ओतून व्हायच्या आत तू तिन्ही पालथे घातलेस.”

“हो.”

“आणि ती भक्कम जागा?”

“दोन्हीकडे ठेवलं की मेळ बसत नव्हता. एकीकडे खोडलेलं वाक्य दुसरीकडून परत यायचं. म्हणून ती मीच पुसून टाकली.”

“फोनमध्ये तरी काही असेल की गं!”

“फोन हरवतात, दादा. म्हणून फोनमध्ये काही ठेवतच नव्हतो.”

दादा हसला. “फोन आहे बघ अजून,” तो म्हणाला.

वहिनीनं पाटी ओढून घेतली. ‘आणखी किती जणांचं गेलं?’

“सगळ्यांचंच, वहिनी.”

आतल्या खोलीतून लेक डोळे चोळत आली. फोन आईच्या हातातच आहे हे तिनं पाहिलं आणि तिच्या मांडीला बिलगली. “आई, गोष्ट लाव ना.”

वहिनीनं तोंड उघडलं. गळ्यावरच्या भोकातून नुसता वारा वाजला. पोर मान वर करून वाट बघत राहिली.

वर्ष सरायच्या आत कंपनी बुडाली. कोठीवालीला दुसरीकडे नोकरी लागली. तिथं काही जपायचं काम तिच्याकडे आलं नाही, आणि तिनं मागितलंही नाही. दादानं तिला कधी बोल लावला नाही. फक्त ‘छोटे’ म्हणायचं सोडून तिला नावानं हाक मारायला लागला. वहिनीला बाजारातला तयार आवाज मिळाला. गुळगुळीत, सगळ्यांना एकच, त्यात ‘अहो’ एकाच तऱ्हेचं. शेवटी शेवटी ती तोही लावत नसे. सहा वर्षांनी ती गेली.

लेक आता कॉलेजात जाते. परवा आत्याला घेऊन दवाखान्यात गेली होती. लिफ्टमध्ये तोच तयार आवाज होता. ‘दरवाजे बंद होत आहेत,’ तो म्हणाला.

पोर दचकली. “आत्या, आईचा आवाज!”

“हा नव्हे गं,” असं कोठीवालीच्या अगदी ओठांवर आलं. पण मग कसा होता, असं पोरीनं विचारलं असतं. लिफ्ट वर जाईपर्यंत कोठीवाली वहिनीचा आवाज आठवत राहिली. तिला आठवेना.