फयं

तीन वर्षांची होत आली तरी आचल बोलत नव्हती, म्हणून मी सासूबाईंना तिच्यासमोर वऱ्हाडी बोलायची मनाई केली होती. शुद्धच कानावर पडू दे. संध्याकाळी डब्यातला उरलासुरला पास्ता उकडला, लसणाच्या फोडणीत टोमॅटो परतला. "हा पास्ता. म्हण, पास्ता." ती नुसती कढईकडे बघत राहिली. "म्हण ना गं!" सासूबाई कढईत डोकावल्या आणि मनाई विसरून हसल्या, "कायचा पास्ता वं! हे तं वरनातले फयं व्हय!" "आई, फयं नाही, फळं म्हणा! वरणफळं!" मी ओरडलेच. त्या चपापून मागे सरकल्या. तेवढ्यात आचलनं वाटी पुढे केली. "फयं," ती म्हणाली. झारा हातात तसाच राहिला. सासूबाई अपराध्यासारख्या माझ्याकडे बघत होत्या. मी लेकीसमोर उकिडवी बसले. "व्हय वं माय," मी म्हटलं, "हे फयंच व्हय."