फुकटचा घोडा

ओस्मानीने राजापुढचं प्यादं सरकवलं आणि अर्देलने सिसिलियन बचावाने उत्तर दिलं. दुसरं काही तो खेळणारच नव्हता. गावी, ओल्गिनमध्ये, ओस्मानीच्या अंगणात बसून दोघांनी लहानपणापासून हाच बचाव पिंजून काढला होता.

शेवटची फेरी होती. ओस्मानी जिंकला तर स्पेनच्या स्पर्धेला जाणार होता. नुसती बरोबरी झाली तरी ती जागा हवानाच्या खेळाडूची. स्पेनला गेलेला सहसा परत येत नाही, हे हॉलमध्ये सगळ्यांनाच ठाऊक होतं. ओस्मानीची मुलगी आईबरोबर सारागोसाला राहत होती. अलीकडे फोनवर ती बापाशी पाहुण्याशी बोलावं तशी जपून बोलायची.

अर्देल गुणांत केव्हाच मागे पडला होता. जिंकून त्याला काही मिळणार नव्हतं. पण सकाळी कॉफी पिताना ओस्मानीने त्याला बजावलं होतं, "दया दाखवलीस तर पुन्हा तोंड बघणार नाही तुझं."

दुपारी वीज गेली, पंखे थांबले. डाव बरोबरीकडे झुकायला लागला. ओस्मानीच्या शर्टाची पाठ भिजून गेली होती. अर्देलने घोडा उचलला आणि ओस्मानीच्या उंटाला फुकट मारता येईल अशा घरात ठेवून दिला. चेहरा त्याने तसाच ठेवला. चुकल्याचं नाटक ओस्मानीने लगेच ओळखलं असतं.

ओस्मानी घोड्याकडे बघत राहिला. हात उंटापर्यंत गेला, थांबला, मागे आला. या बचावात अर्देल असा चुकत नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

मार ना रे, अर्देल मनात म्हणत होता. आपणच हार मानावी असंही त्याला वाटलं. पण मग ओस्मानीला सगळं कळलं असतं. घड्याळ ओस्मानीचं चालू होतं. पंच टेबलाशी येऊन उभा राहिला, आणि वेळ संपल्याचं त्याने हळूच सांगितलं तेव्हाही ओस्मानीचे हात मांडीवरच होते.

हवानाच्या खेळाडूभोवती माणसं जमली. ओस्मानीने निकालाच्या कागदावर सही केली, पण मोहरे आवरू दिले नाहीत.

"चांगला रचला होतास," तो म्हणाला.

अर्देल काहीतरी बोलणार होता.

"थांब. सांगू नकोस. सापळा कुठे आहे तो मीच शोधतो."

त्याने उंटाने घोडा मारला आणि अर्देलची पुढची खेळी शोधत पटावर वाकला.