पाचोळ्याखाली

सासऱ्यांनी पाटाचं पाणी सोडलं आणि पोफळीच्या आळ्यातल्या पाचोळ्याखालून फुगलेले डायपर वर आले. घंटागाडी चुकली की मधुवंतीच ते तिथे दडपायची. "ही पाहुण्यांचीच घाण!" सासरे कडाडले, तशी आठवडाभर भाड्याच्या खोलीत उतरलेली बाई तान्ह्याला खांद्यावर घेऊन बाहेर आली. सासरे तिच्यावरच घसरले, "अहो ताई, झाडं प्लास्टिक खातात होय? आमच्या मधूलाही बाळ आहे, असली थेरं नाहीत हो तिची!" मधुवंतीला वाटलं, आत्ता बोलावं, पण तिने नजर पाटाच्या पाण्याकडे वळवली. बाईने तिच्या पडलेल्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं. "चुकलंच माझं, काका," ती म्हणाली. सासरे पुटपुटत पाणी बंद करायला विहिरीकडे वळले. त्यांची पाठ फिरताच बाई लगबगीने खोलीमागच्या दोरीपाशी गेली आणि सकाळीच वाळत घातलेले आपल्या बाळाचे सुती लंगोट ओलेच काढून घेऊ लागली.