फाइलची पहिली अक्षरं

सासूबाई गेल्या, मागे त्यांच्या आवाजातल्या अंगाईची एकच फाइल राहिली आणि तीही उघडेना. ट्रॅक्टरच्या स्पीकरवर वाजावी म्हणून कामिनीच्या नवऱ्याने फाइलच्या नावापुढे एमपीथ्रीचं शेपूट लावलं होतं. “खराब व्हयनी ती, ऱ्हाऊ दे आते,” तो म्हणाला. झोळीतल्या बाळावर एक डोळा ठेवून कामिनीने लॅपटॉपवर फाइलची मूळ अक्षरं उघडली. नाव बदललं तरी आतली सुरुवातीची अक्षरं बदलत नाहीत. तिथे एएमआर होतं, म्हणजे जुन्या बटणांच्या मोबाइलचं रेकॉर्डिंग. तिने शेपूट बदलून एएमआर केलं. तेवढ्यात सासरे शेजारी येऊन बसले. नाहीच वाजली तर, ही धास्ती घेऊनच तिने फाइल लावली. खरखर झाली आणि अंगाई सुरू करण्याआधी सासूबाईंनी दटावून विचारलं, “मोटर बंद करी का?” “करी ना व,” सासरे सवयीने बोलून गेले. मग चपला घालून केळीच्या बागेतली पाण्याची मोटर खरंच बंद केलीय का, ते बघायला निघाले.