एकाच गाण्याची लाँड्री

"चोर आहात तुम्ही सगळे! तुम्ही नाही हो भाऊ, तुम्ही बिचारे दारोदार फिरता. ती तुमची संस्था चोर आहे. गाणी लिहिणाऱ्यांच्या नावानं गोळा करते आणि मधल्या मध्ये गिळून बसते."

लाँड्रीवालीनं हे इस्त्री न थांबवता सुनावलं. शर्टाची बाही उलटली, पाण्याचा हबका मारला. वाफ उठली.

वसुली अधिकारी दाराजवळच्या स्टुलावर बसला. बोलणी खाणं त्याच्या पगारातच धरलेलं होतं. सलून, जिम, कपड्यांची दुकानं, जिथे गाणी वाजतात तिथे जायचं आणि ती वाजवण्याच्या परवान्याचे पैसे घ्यायचे, हे त्याचं काम. ही बाई पाच वर्षं बिनबोभाट भरत आली होती. यंदा तिनं हात वर केले. आज भरले नाहीत तर उद्या खटला, आणि दुकानाला टाळंही लागू शकतं, एवढं सांगायला तो आला होता.

फळीवरच्या स्पीकरवर गाणं चालू होतं. नेहमीचंच. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्यात एक मुलगी धुरकट काचेवर बोटानं घर काढते आणि त्या घरालाही खिडकी काढते. गायिकेचं नाव शेंबड्या पोरालाही ठाऊक. शब्द कोणाचे, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. त्याची स्वतःची मुलगी हे गाणं ऐकल्याशिवाय झोपत नसे, पण शब्द कोणाचे हे त्यानंही विचारलं नव्हतं.

"ताई, एक विचारू? इथे दुसरं गाणं कधी वाजतच नाही. का?"

"हिशोब सोपा राहतो."

"कसला हिशोब?"

"जरा सरका, तुमच्या मागचा हँगर द्या."

तेवढ्यात एक निवृत्त मास्तर कोट न्यायला आले. कानावर पडलेलं सोडतील तर ते मास्तर कसले!

"साहेब, मी सांगतो. हे लिहिणारा ताईंचा कोणीतरी जुना असणार. उगाच का कोणी दिवसभर एकाच माणसाचे शब्द कानात घालून घेतं?"

"मास्तर, कोट घ्या आणि सुटा. नाहीतर खिशात काय सापडलं ते वहिनींना सांगेन."

"काय सापडलं?" मास्तरांचा चेहरा उतरला.

"काही नाही. पण घाबरलात की!"

मास्तर हसत हसत, पण जरा घाईनंच निघून गेले. अधिकाऱ्याच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला. जुना कोणीतरी? असेलही. नाहीतर परक्या माणसाच्या पैशांसाठी ही बाई स्वतःचं दुकान पणाला का लावेल?

"लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, ताई," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "त्यासाठीच तर आमची ही सगळी वणवण."

"मिळताना पाहिलेत?"

त्यानं कधीच पाहिले नव्हते.

"मग लावा फोन ऑफिसला. मिळत असतील तर आत्ता भरते, दंडासकट."

त्यानंही इरेला पेटून फोन लावला. पलीकडच्या बाईंनी गाणं शोधलं. तो ऐकत राहिला. आधी ताठ बसून, मग पुढे वाकून, मग लाँड्रीवालीकडे पाठ करून. फोन ठेवून तो वळला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"गाणं नोंदलेलं आहे. पैसेही जमा होतात. फक्त... गीतकार सापडत नाही. आद्याक्षरं आणि आडनाव आहे, पत्ता जुना. पत्रं परत येतात."

"मग पैशांचं काय करता?"

"काही वर्षं थांबतात. मग ज्यांची गाणी जास्त चालतात, त्यांच्यात वाटून टाकतात."

"म्हणजे ज्यांची पोटं आधीच भरलीत त्यांच्यात."

"नियम आहे, ताई. संस्था शोधते हो मनापासून. पण माणूसच सापडत नाही म्हटल्यावर आम्ही तरी काय करणार? तुमच्या ओळखीचा असेल तर सांगा, मी स्वतः जाऊन भेटतो."

लाँड्रीवालीनं इस्त्री उभी केली. हात पदराला पुसले.

"ते आडनाव माझ्या माहेरचं. पत्ता बदलल्याचा अर्ज तीनदा देऊन आले तुमच्या काउंटरवर. माझंच गाणं मी ऐकते म्हणून पैसे मागायला तुम्ही दरवर्षी न चुकता या दारात येता. मग आता सांगा भाऊ, द्यायची वेळ आली की मी सापडत कशी नाही?"